माऊसखाली

जिंतूर रोडला, इर्शादभाईच्या दुकानात
मोबाईलच्या कव्हरांमागं
दोन पॅड होते. दोनच.
एक कडक, काळं,
नखानं टिचकी मारली की ताटलीसारखं वाजणारं.
दुसरं कापडाचं, सुरळी केलेलं,
टेबलावर पसरलं तरी
कोपरे उचलून पुन्हा सुरळी होऊ बघणारं.

"दोन्ही ने. सोमवारी एक परत दे.
पण चिवड्याचे हात लावू नको."

रात्री अकराला कडक मांडलं.
माऊस असा पळाला
की समोरचा गडी दिसला, मी त्याच्यापुढं निघून गेले
आणि मागच्या भिंतीला गोळी घातली.
कॅरमवर पावडर जास्त झाली की
स्ट्रायकर सोंगटीला सोडून
स्वतःच खड्ड्यात जाऊन बसतो, तसं.
हेडफोनमधून मुंजाजी म्हणाला,
"बाई, काय करूलालीस?"
मुंजाजी हिंगोलीचा. आमच्या टीमात
तोच काय तो हळू बोलतो.

आणि आवाज. खर्र, खर्र.
मधल्या खोलीतून आई,
"काय कुरतडूलालंय गं तिकडं?"
"काही नाही. माऊस."
"मग पिंजरा लाव की," म्हणून ती कुशीवर वळली.

दुसऱ्या रात्री कापड.
त्यावर माऊस जिथं थांबवला तिथं थांबला.
डोक्यात मारायची तर डोक्यात.
तासभर मी परभणीची राणी होते.
मग कुलर.
एप्रिल आहे, बंद कसा करणार,
आणि चालू ठेवला की ओल येते हवेला.
एक वाजेपर्यंत पॅड दमट,
आणि माऊस,
पाऊस उघडल्यावर काळ्या रानातून चालताना
चपलेला जसा एकेक किलो चिकटतो,
तसा जड.

कुलर बंद करून पुन्हा कडक घेतलं.
आता मनगटच चिकटलं.
दर वेळी उचलताना चट्ट.

सकाळी आई ब्लाऊजांच्या गठ्ठ्यापाशी बसलेली.
दिवसाला चार ब्लाऊज, लग्नसराईत सहा.
तिनं कापडी पॅड उचललं, मला न विचारता,
अंगठा फिरवला आडवा, मग उभा.
"आडवं जातंय. उभं जरा अडतंय," म्हणाली.

दोन रात्री मी मान वर करताना चुकत होते
आणि सेटिंग बदलत बसले होते.

"सॅटिन शिवताना तू काय करतेस?" मी विचारलं.
"सुरुवातीला खाली वर्तमानपत्र घालायचे.
कागदासकट शिवायचं, मग कागद फाडून काढायचा.
सगळ्या बायांच्या काखेत अक्षरं राहायची."
"आणि आता?"
"आता नाही घालत."
"का?"
तिनं दातात दोरा तोडला.
"कोण एवढी रद्दी आणतं."

रविवारच्या मॅचला
कापड आडवं फिरवून ठेवलं,
कुलर बंद, ओला नॅपकिन मानेवर,
उजव्या हाताला जुन्या मोज्याची बाही.
चौथ्या राउंडला लाईट गेली.
मुंजाजी एकटा राहिला आणि म्हणे तीन जणांना पाडलं त्यानं,
मी ते बघितलं नाही.
अंधारात हात पॅडवर तसाच होता,
बंद पडलेल्या माऊसवर.
घाम येत होता आणि कापड तो पीत होतं.

सोमवारी कडक परत द्यायला काढलं
तर सापडेना.
आईच्या मशीनपाशी होतं. त्यावर अस्तर,
अस्तरावर खडूची गोल रेघ,
गळ्याची.
"खालून सरकत नाही गं हे," ती म्हणाली,
"याला रबर लावलंय. किती चांगलंय."

इर्शादभाईला दोन्हीचे पैसे दिले.
त्यानं विचारलं, मग कोणतं बरं?
मी म्हटलं,
कुणाच्या हातात द्यायचंय?